पिवळी पट्टी

मंगळवार, संध्याकाळ

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आजही तीच पिवळी पट्टी. 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, अपडेट करा.' विम्याचा फॉर्म उघडतच नाही. अपडेट दाबलं, तर म्हणे ही साईट ऑफिसमध्ये बंद आहे! समोर म्हशीच्या विम्यासाठी गारगोटीहून पुन्हा आलेल्या आक्का. म्हणाल्या, "बाई, मशीन तुझं म्हातारं झालंय, हेलपाटं मी का घालायचं?" साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "हेड ऑफिसला ऑनलाइन तक्रार टाका की." टाकायला गेले, तिथंही पिवळी पट्टी. परत साहेबांकडे. ते हसले. "चालतंय की ओ, मॅडम."

कुणाचं चालतंय? आक्का तशाच एसटीला गेल्या.

घरी आल्यावर यांनी विचारलं, "कसं चाललंय ऑफिस?"

चप्पल काढता काढता मी म्हणाले, "चालतंय की."