झोक्याचा पाइप

चैत्र वद्य एकादशी, संध्याकाळ

काल पातेल्याखालचा स्टँड वाकला आणि केळीचा उकळता रस अंगणभर सांडला. ह्यांचा पाय थोडक्यात वाचला. तुषार सिंचनाचे जुने ॲल्युमिनियमचे पाइप भट्टीवरचं भरलेलं पातेलं पेलतील, असं मला कोणी सांगितलं होतं? मीच हुशार! आज वेल्डर म्हणाला, "अक्का, बोअरचा पाइपही नको. आचेने त्याच्यावरच्या जस्ताचा विषारी धूर होतो. जाड काळा लोखंडी पाइप पाहा."

तसा पाइप घरात एकाच ठिकाणी आहे. अंगणातल्या झोक्याला. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी येणाऱ्या आमच्या लेकीसाठी, माधुरीसाठी उभा केलेला. आता वर्षभर नुसता वाऱ्याने कुरकुरत असतो.

आणि तिकडे खोलीत केळी काळी पडताहेत. उद्या रस उकळून आंबवायला घातला नाही, तर यंदाचा शिरका, केळीचं व्हिनेगर, गेलाच. किती जीव काढलाय मी त्यासाठी! काय करू?

दुपारी माधुरीचा फोन आला. यंदाही जमणार नाही म्हणे. हे लगेच म्हणाले, "कापी टाक. आते कोन बसस त्यावर?" किती सहज म्हणाले! मला तर ती कुरकुरसुद्धा तिचीच वाटते. रडूच आलं.

शेवटी वेल्डरला उद्या सकाळी ये म्हणून सांगितलं आणि माप घ्यायला झोक्याशी गेले. हाताने जरा ढकलला. आवाजच नाही. पुन्हा ढकलला. कड्यांना ताजं तेल होतं, माझ्या बोटांना लागलं.

घरात आम्ही दोघंच. आणि तेल मी लावलेलं नाही.