मागचा बोल्ट

आई,

ओट्यावर माझा हिरवा चुडा दिसेल, तर घाबरू नका. ह्यांना काय झालं नाय. टेंपोच्या इंजिनमागे हात घालताना एक बांगडी वाढली, म्हणून बाकीच्या काढून ठेवल्या.

बाबांनी काल इंजिनात हवा जाते त्या इनटेकचे बोल्ट कसले. मधले आधी, मग कडेचे, सगळे बरोबर. फक्त पार मागचा, जो दिसत नाय, नुसता बोटांनी चाचपून कसायचा, तो दोन आटे सैल होता. सकाळी इंजिन सूंसूं हवा ओढत होतं, म्हणून मी हात घातला. तिथलं पॅकिंगच फाटलंय. कळंबोलीहून नवीन आणते. तोवर टेंपो कोणाला चालू करू देऊ नका. ह्यांना सांगा, आपटा गावाचं भाडं आता दुपारी.

बाबांना बोल्टचं बोलू नका, पॅकिंग गेलं एवढंच सांगा. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचा बोल्ट कधी सैल राहिला नाय.

पण त्यांना डॉक्टरकडे न्यायलाच हवं, आई. सकाळी उकळत्या चहाचा टोप त्यांनी फडक्याशिवाय उतरवला. मी किंचाळले, तर टोप तसाच हातात धरून माझ्याकडे बघत म्हणाले, "काय झालं गं?"

भाविका