बहिणीबहिणीत कसली हजेरी

मंगळवार, ११ मार्च

शेजारचे सेल काळे निघाले!

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काळेच. त्यांची तोंडं फाटलेली, आतला माल बाहेर आलेला.

सकाळपासून ऑफिसात सगळे खुशीत होते, कारण कालचा पॅक पास झाला. स्कूटरमध्ये बसवायचा बॅटरीचा पॅक, मोठं गिऱ्हाईक. काल टेस्टला मी नव्हते. सकाळी सगळे सेन्सर लावून दिले, कागदावर सही केली, आणि ताई म्हणाली, "आईला चक्कर आलीय म्हणे. तू जा घरी, पुढचं मी बघते." मी बस पकडून गेले. म्हणून आज पॅक सुटा करायचं किचकट काम माझ्या गळ्यात.

किती सोपी टेस्ट आहे ही! पॅकमधला एक सेल मुद्दाम तापवून फोडायचा. तो एकटा मरतो की शेजाऱ्यांना सोबत नेतो, एवढंच बघायचं. शेजारच्या सेलच्या अंगावर तापमानाचा सेन्सर, झाकणापाशी गॅस ओढणारी नळी. शेजारी तापला, गॅस सुटला, की पॅक नापास. कालच्या आलेखावर शेजारी थंडगार. गॅस नावापुरता. मग थंड सेल काळा कसा होतो?

सेन्सर शोधला तर सेलवर नव्हताच. खालच्या पत्र्यावर चिकटवलेला, जिथं काहीही पेटलं तरी गारच राहतं. नळी झाकणापाशी नाही, थेट वर, धूर खेचणाऱ्या पंख्याच्या तोंडाशी. गॅस नळीत शिरायच्या आधीच बाहेर! मी असं लावलं नव्हतं. मी नीट लावून गेले होते.

टेप सोडवायला गेले आणि हात थांबला. टोक दुमडलेलं होतं. आम्ही दोघी बहिणी टेपचं टोक दुमडून ठेवतो, पुढं सोडवताना नखं तुटू नयेत म्हणून. आईनं लावलेली सवय. माझी घडी सरळ असते. ताईची तिरकी. शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घालायचो तेव्हापासून तिरकी.

टेप तशीच कचऱ्यात टाकली. का टाकली, देव जाणे. घाबरले असेन.

बुधवार, १२ मार्च

गाडीवर ताईच्या मागं बसून घरी आले. गाडी एकच आमची. तिच्या पाठीला नाक लागत होतं. तिनं डोक्याला तेल लावलं होतं. वाटेत थांबून तिनं आईसाठी पेरू घेतले, दाबून दाबून. पिशवी मी मांडीवर धरली.

कदाचित सेन्सर सुटून पडला असेल आणि तिनं घाईत मिळेल तिथं लावला असेल. होतं असं.

नाही होत. दोन्ही एकदम सुटत नाहीत.

गुरुवार, १३ मार्च

विचारलं. जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात.

मला वाटलं होतं ती दचकेल. ताईनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "तुला काय करायचंय? पॅक पेटला का? नाही ना. झाकण उडालं का? नाही ना."

मी म्हटलं, या वेळी तगलं. पुढच्या वेळी कोणाच्या तरी बुडाखाली असेल.

"एवढी मोठी झालीस," ती म्हणाली, "पण बोलायची पद्धत काही आली नाही तुला."

बघा! ती खोटं करणार आणि पद्धत मी शिकायची.

आमच्याकडे एक नियम आहे. भट्टीचं दार लावण्याआधी हजेरी घ्यायची. (भट्टी म्हणजे टेस्टची खोली. जाड भिंती, जाड काच. आम्ही तिला भट्टीच म्हणतो.) एकानं सेन्सरचा नंबर पुकारायचा, दुसऱ्यानं त्याला बोट लावून "आहे" म्हणायचं. दोघं वेगवेगळे हवेत. नवीन पोरांना आधी हेच शिकवतात. पण आम्ही दोघी जोडीला असलो की कोण कशाला हजेरी घेतंय! बहिणीबहिणीत कसली हजेरी, असं ताईच म्हणायची, आणि मी हसायचे. वर्षानुवर्षं मी आधीच सही करून ठेवत आले. ताई आहे ना, मग झालं.

ताई आहे ना. हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल आयुष्यात.

शनिवार, १५ मार्च

आज कळलं! आणि कळलं कोणाकडून, तर गिऱ्हाइकाच्या माणसाकडून. रिपोर्ट कधी मिळेल म्हणून फोन केला त्यानं, आणि लाडात येऊन म्हणतो, "तुमच्या ताई पुढच्या महिन्यापासून आमच्याच. तुम्हीही या की."

ताई त्यांच्याकडे चाललीय. त्यांची स्वतःची लॅब उभी राहतेय, ताई तिची मुख्य. घरात सगळ्यांना माहीत होतं. भाऊजींना माहीत, आईला माहीत. मी रोज त्यांच्या ताटाला ताट लावून जेवते आणि मलाच ठाऊक नाही! आईला विचारलं तर म्हणाली, "तूच मनाला लावून घेशील म्हणून नाही सांगितलं गं."

म्हणजे हा पॅक पास होणं ताईची गरज होती. माझी सही वापरली. आणि चक्कर? सोमवारी मी धावत घरी पोचले तेव्हा आई मजेत पालेभाजी निवडत बसली होती. "अगं, जरा गरगरलं होतं सकाळी. मोठीनं उगाच पळवलं तुला," म्हणाली. मी तिच्या पायाशी बसून भाजी निवडू लागले. किती बरं वाटलं होतं मला, भरदिवसा आईपाशी बसायला! आता ती दुपार आठवली की अंगाची आग होते.

मला बाजूला काढलं तिनं. पोराला खाऊला पैसे देऊन बाहेर पिटाळतात तसं.

सोमवार, १७ मार्च

साहेबांना सांगितलं.

रात्रभर ठरवत होते की नाही सांगायचं. सकाळी गाडीवर ताई म्हणाली, "झालं का डोकं शांत?" आणि मी ठरवलं.

साहेब ही लॅब पहिल्या दिवसापासून चालवतात. बाबांचे दोस्त. गेल्या आठवड्यात ते बाहेरगावी होते, हे ताईला बरोबर साधलं. मी काळे सेल त्यांच्या टेबलावर ठेवले. कोणी केलं ते नाही सांगितलं. फक्त म्हटलं, सेन्सर हलवले होते. त्यांनी सेल हातात फिरवून पाहिले. मग म्हणाले, "रिपोर्ट थांबवा. टेस्ट परत करू. मी स्वतः उभा राहणार." आणि मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाले, "ज्यानं केलं, त्याला मी या धंद्यात कुठंच उभं राहू देणार नाही."

मला हायसं वाटायला हवं होतं. जिन्यात येऊन पायरीवरच बसले.

बुधवार, १९ मार्च

पुन्हा टेस्ट झाली. त्याच लॉटचा दुसरा पॅक.

हजेरी साहेबांनी घेतली, मी बोट लावलं. ताई काचेपाशी हाताची घडी घालून उभी. सेल तापवायला सुरुवात केली. बराच वेळ काही नाही. मग आधी गॅस बोलला — तोच आधी बोलतो नेहमी. पडद्यावरची रेघ हळूच उचलली आणि चढतच गेली. तापमानाला अजून पत्ताच नव्हता. मग शेजारचा सेल तापला. मग त्याच्या शेजारचा. रेघा सरळ उभ्या राहिल्या. पांढरा धूर, आणि धाडकन झाकण उडून छताला लागलं! काचेपलीकडं नुसता जाळ.

हेच स्कूटरमध्ये बसणार होतं. हेच लोकांच्या घराखाली रात्रभर चार्जिंगला लागणार होतं.

मी ताईकडं पाहिलं. मला वाटलं, आता तरी तिचा चेहरा पडेल. ती जाळाकडं बघतच नव्हती. माझ्याकडं बघत होती.

घरी बसनं आले. ती गाडीवर गेली.

गुरुवार, २० मार्च

लिहवत नाही. पण लिहिते.

साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. "सेटअपच्या कागदावर धाकटीची सही आहे," म्हणाले. "टेस्ट कोणी चालवली?"

ताई म्हणाली, "हिनंच."

शांतपणे म्हणाली. आवाजही कापला नाही. "त्या दिवशी आईला चक्कर आली म्हणून मी घरी गेले होते, साहेब. हिच्यावर सोडून गेले. चूक माझी, मी थांबायला हवं होतं."

माझी दुपार घेतली तिनं! आईपाशी बसलेली मी, भाजी निवडणारी मी — ते सगळं उचलून स्वतःच्या अंगावर घातलं आणि स्वतःचं पाप माझ्या अंगावर टाकलं. आणि मी काय बोलले, तर टेपच्या तिरक्या घडीबद्दल! साहेब म्हणाले, "घडीवरून मी माणूस ओळखू? आणि टेप कुठाय?"

टेप कचऱ्यात.

लहानपणी फुलदाणी तिनं फोडली तरी मार मी खायचे, आणि ती मागून येऊन पाठीवर हात फिरवायची. आज हात फिरवायलाही आली नाही. विश्वासानं मान दिली आणि तिनं केसानं गळा कापला. माझ्या सख्ख्या बहिणीनं.

शुक्रवार, २१ मार्च

भट्टीकाकांना धरलं, भट्टीचा पंखा आणि धूर सांभाळतात ते. टेस्ट चालू असताना ते मागच्या अंगणात धुराच्या टाकीपाशी बसतात, आत येत नाहीत. म्हटलं, काका, तुम्ही सांगा ना, त्या दिवशी आत कोण होतं?

बिचारे ओशाळले. "मला फोनवर आवाज आला, हजेरी झाली, सुरू करते. आता आवाज कोणाचा, कसं सांगू पोरी? तुम्हा दोघींचा आवाज फोनवर एकच येतो. साहेबांनी विचारलं तेव्हाही हेच सांगितलं मी."

ऑफिसातलं कोणी टेस्टच्या वेळी भट्टीकडं फिरकत नाही. गेटवर गाडीची नोंद होते, माणसाची नाही. गाडी तर दिवसभर तिथंच उभी होती. गाडी ताईच चालवते, म्हणजे ताई आतच होती, हे कोण कोणाला सांगणार! ताईनं तर साहेबांना सांगितलंय, ती बसनं घरी गेली. सुट्टी मागायची ती ताईकडंच, म्हणून मी कधी अर्जही लिहिला नाही. ताई आहे ना.

घरात भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. भाचीला माझ्या खोलीत येऊ देत नाहीत. ताई कणीक मळत होती, मी पाणी प्यायला गेले. ती मान वर न करता म्हणाली, "तुला कुठंही मिळेल काम. एकटी आहेस. माझ्यामागं हे सगळं आहे." जणू माझ्यावर उपकारच करतेय.

एकटी आहेस म्हणे. कालपर्यंत मला वाटत होतं, मला बहीण आहे.

रविवार, २३ मार्च

सुचलंच नाही मला इतके दिवस! संतापानं डोकंच चालत नव्हतं.

आई आहे की!

त्या दुपारी घरी कोण होतं, आईला माहीत आहे. माझ्याजवळ भाजी निवडली तिनं. माझं डोकं मांडीवर घेतलं. साहेब तिला वहिनी म्हणतात, तिच्या शब्दाला मान देतात. सकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं — तुम्ही आईला विचारा. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, दोन-तीन दिवसांत पहिल्यांदाच. "उद्या ऑफिसातून फोन करतो," म्हणाले. "तुझ्यासमोर."

आईला मी काही शिकवून ठेवलं नाही. गरजच काय? संध्याकाळी तिच्याजवळ बसले होते. ती केसांतून हात फिरवत होती. म्हणाली, "दोघी माझ्याच गं." मी म्हटलं, हो. ती पुन्हा म्हणाली, "मोठीचा संसार आहे." मी म्हटलं, असू दे. आई जुनं काहीतरी उगाळत बसली असेल, म्हणून मी विषय वाढवला नाही. आज गाढ झोपेन.

सोमवार, २४ मार्च

साहेबांनी स्पीकर लावला. "वहिनी, त्या सोमवारी तुम्हाला चक्कर आली, तेव्हा घरी कोण आलं होतं?"

आई म्हणाली, "मोठी आली होती. दुपारभर माझ्यापाशी बसली, भाजी निवडली. धाकटी कामावर होती."

मग म्हणाली, "ती आहे का तिथं? सकाळी न जेवता गेलीय. तिला म्हणावं, खाऊन घे काहीतरी."