माझा कल, स्वीडिशमध्ये

२ फेब्रुवारी, सकाळी ९.५०
आजपासून पहाटे उठून स्वीडिश. आमच्या लेकीला, अवनीला, स्वीडनमध्ये गोथेनबर्गला मुलगी झाली. बारसं मे महिन्यात, तिकडचा गारठा ओसरला की. व्याही गुन्नार आम्हाला रीतसर बोलावणारच. नमस्कार-चमत्कार काय, कुणीही शिकेल. मी स्वभाव सांगणारी इंग्रजी वाक्यं निवडली आहेत. आय टेंड टू, आय ॲम इन्क्लाइन्ड टू, वगैरे. ती स्वीडिशमध्ये आणायची, म्हणजे माझा कल त्यांना आधीच कळेल. पहिलं वाक्य तयार : 'याग ब्रुकार' म्हणजे 'मी सहसा', पुढे 'पहाटे उठतो'. उद्यापासून.

५ फेब्रुवारी
'मी सहसा दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नाही' हे वाक्य घेतलं होतं. मध्येच उठून श्यामलाला आमटीत गूळ जास्त झाल्याचं सांगावं लागलं. बायको म्हणजे काही दुसरं माणूस नव्हे. तिने विचारलं, 'आपापलं वाढून घ्या' याला स्वीडिशमध्ये काय म्हणतात? तो धडा अजून आलेला नाही.

१९ फेब्रुवारी
मधले दिवस सर्दी. शिवाय डिक्शनरीचा टाइप फार बारीक.
श्यामला अवनीकडून फोनवर 'या' आणि 'टाक' शिकली. हो आणि थँक्यू. दोन शब्दांत कुठे भाषा येते! कीव आली. मी 'माझ्या बायकोचा उगाच काळजी करण्याकडे कल आहे' पाठ केलं. तिला ऐकवलं. अर्थ नाही सांगितला.

१ मार्च
व्याह्यांचा व्हिडिओ कॉल! गुन्नारनी सावकाश स्वीडिशमध्ये विचारलं, बारशाला याल का, महिनाभर आमच्याकडेच राहा. सगळं समजलं! मी आपल्या पद्धतीने 'नेय, नेय, टाक' म्हटलं. नको नको, कशाला उगाच त्रास. दुसऱ्यांदा आग्रह झाला की 'बघू', तिसऱ्यांदा 'बरं'. रीत आहे. ते 'ओके' म्हणाले आणि श्यामलाकडे वळले. ही ताडकन 'या, या, टाक!' काही पोच?

१० मार्च
दुसरा आग्रह अजून नाही. थंड हवेची माणसं, वेळ लागतो.
अवनीचा फोन. म्हणाली, बाबा, इथे एकदाच विचारतात, नाही म्हटलं की तो विषय संपला. मी सांगू का त्यांना, तुम्हाला यायचंय म्हणून? म्हटलं, छे छे, मी काय हावरट आहे? तर अवनी 'बरं' म्हणाली! नारायण पेठेत वाढलेली मुलगी. पार तिकडची झाली.

२ एप्रिल
श्यामलाने सकाळी विचारलं, एकदाच विचारते, तुमचं तिकीट काढू का? मी 'बघू' म्हटलं. इतक्या वर्षांचा संसार, ही तरी पुन्हा विचारेलच.
संध्याकाळी तिचं एकटीचं तिकीट आलं. वर म्हणते, तुम्हाला सहसा घरीच बरं वाटतं ना.

१७ मे
बारसं. घरात मी एकटा. दुपारी तिकडून व्हिडिओ कॉल. श्यामला विहीणबाईंशी खिदळत होती, कुठल्या भाषेत देव जाणे. गुन्नारनी विचारलं, बाळाला जवळ आणून दाखवू का?
या वेळी 'या' म्हणायचं ठरवलं होतं. अगदी नक्की ठरवलं होतं. तोंडातून गेलं, नेय, नेय, झोपू दे तिला.
ते 'ओके' म्हणाले. फोन बंद.
मला बघायची होती हो. नाव काय ठेवलं, तेही विचारायचं राहिलं.