प्याल्यातला शेवटचा घोट

बुधवार, १२ ऑक्टोबर
दुपारचे तीन

प्रिय बाळ्या,

प्रभूमध्ये सलाम. घरच्यांना आशीर्वाद.

सलाम हा शब्द दोनदा लिहून खोडला, तिसऱ्यांदा तसाच ठेवला. आईने शिकवलं होतं, पत्र कितीही रागाचं असलं तरी माथ्यावर सलाम हवा. तेवढं पाळलं. माझा गुडघा बरा आहे. खिडकीची कडी अजून तशीच सैल आहे, वारा आला की टकटक करते. अक्का आत झोपली आहे.

तीन गल्ल्या ओलांडल्या की तुझं घर. एवढ्यासाठी कोणी पत्र लिहीत नाही. पण सोमवारी तुझ्या दारात जे बोलणं झालं, त्यानंतर समोर आलो तर माझा आवाज चढेल, आणि आवाज चढला की मला धड बोलता येत नाही. वर्गातही तसंच व्हायचं. रागावलो की पाठ असलेली कविता अर्ध्यावर तुटायची आणि पोरं खाली मान घालून हसायची. म्हणून कागद घेतला.

रविवारी काय झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहितो. तुझ्याच हाताने केलेलं तुला एकदा वाचायला मिळू दे.

सहा महिन्यांनी अक्का चर्चमध्ये उपासनेला आली. कॅन्सरच्या ऑपरेशनात अर्धा जबडा काढल्यानंतर, उजवा ओठ खाली ओघळल्यानंतर पहिल्यांदाच. आदल्या दिवशी तिने चार रुमाल इस्त्री करून घड्या घातल्या होत्या. दवाखान्याच्या धुलाईखान्यात छत्तीस वर्षं लोकांच्या रक्तापुवाच्या चादरी धुतलेली बाई. स्वच्छता काय असते हे तिला तू शिकवावंस आणि मी शिकवावं, असे दिवस आले. बाकाच्या अगदी टोकाला मी तिला बसवलं, उठायबसायला सोपं म्हणून. शेवटचा बाक, शेवटची जागा.

प्रभुभोजनाचा प्याला घेऊन तू आलास. तिने आधी ओठ टिपला, मग घोट घेतला. प्याल्याच्या कडेवर लाळेचा एक धागा राहिला. तो तिने स्वतःच रुमालाने पुसला आणि प्याला तुझ्या हातात दिला. तुझा चेहरा मी पाहिला, बाळ्या. नाकपुड्या आत ओढल्या गेल्या होत्या.

आपल्या मंडळीची रीत तुला सांगायला नको. प्याला फिरवणाऱ्याने उरलेलं स्वतः प्यायचं, थेंबही टाकायचा नाही. बाबांनी तीस वर्षं तो प्याला फिरवला. खोकणाऱ्या सुतारानंतर प्यायले, दात पडलेल्या म्हातारीनंतर प्यायले. तुला आठवतं का ते? डाव्या खिडकीतून उन्हाचा पट्टा यायचा, त्यात धुळीचे कण तरंगायचे, आणि बाबा प्याला वर धरायचे. त्यांच्या गळ्याची घाटी एकदा वर जाऊन खाली यायची, एवढंच. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. पुढे आयुष्यभर शाळेत यमकं आणि वृत्तं शिकवली, पण कविता म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ती घाटी येते. घरी आल्यावर मी विचारलं होतं, "बाबा, घाण नाही वाटत?" ते म्हणाले, "त्यात सगळ्या मंडळीचं तोंड असतं रे. मी तेवढंच पितो."

आणि तू काय केलंस? प्याला घेऊन मागच्या खोलीत गेलास आणि हात धुवायच्या बेसिनमध्ये ओतलास. वर नळ सोडलास. रुमाल बदलायला अक्का त्याच खोलीकडे गेली होती. दारात उभी होती. तू वळलास तेव्हा तिने बाजूला सरकून तुला वाट करून दिली.

वाट करून दिली तिने तुला. हे मला तिनेच सांगितलं, तेही रविवारी रात्री, भांडी विसळता विसळता. तिचं बोलणं आता नीट कळत नाही. मी "काय?" म्हणून तीनदा विचारलं, आणि तिला ते तीनदा सांगावं लागलं.

सोमवारी मी तुझ्याकडे आलो तो तू निदान मान खाली घालशील म्हणून. तू तर बायबल काढलंस.

"शास्त्रातच आहे दादा, बाहेरून आत जातं त्याने माणूस विटाळत नाही, तोंडातून निघतं त्याने विटाळतो. मग लाळ काय आत जाते का? आणि मी बाकीच्यांचा विचार केला. पाळकांशी बोललोय, पुढच्या महिन्यापासून प्रत्येकाला वेगळे छोटे पेले ठेवू. कोणाला वाईट वाटायला नको."

इथे 'मूर्खा' हा शब्द लिहायला पेन टेकवलं होतं. पण भावाला तसं म्हणणाऱ्याला प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात नरकाग्नी सुनावला होता ते आठवलं, आणि हात थांबला. मला वाचवलं त्याने, तुला नव्हे. अरे, तोंडातून निघतं म्हणजे लाळ नव्हे. हृदयातून तोंडाशी येतं ते. तुच्छता. 'कोणाला वाईट वाटायला नको' हे तुझं वाक्य. त्याच प्रभूने जमिनीवर थुंकून चिखल केला आणि आंधळ्याच्या डोळ्यांना लावला. स्वतःची थुंकी. त्या आंधळ्याने 'वेगळ्या पेल्यातून लावा' असं म्हटल्याचं मी कुठे वाचलं नाही. आणि कुष्ठरोगी आला तेव्हा 'शुद्ध हो' हे शब्द नंतर आले, हात आधी गेला. तो घाण होता तेव्हाच हात लागला होता. आपण दोघांनी रविवारच्या वर्गात हे गोष्टीसारखं पाठ केलं, बक्षीस म्हणून रंगीत चित्रं घेतली. तुझ्या चित्रात कुष्ठरोग्याच्या अंगावर ठिपके होते आणि तू ते खडूने रंगवून टाकले होतेस. चित्र छान दिसत नाही, म्हणालास.

आणखी एक गोष्ट, जी तुला आठवणं शक्य नाही. तू दहा महिन्यांचा होतास. आई तापाने अंथरुणाला खिळलेली, दूध आटलेलं. तुझ्या पोटात काही टिकेना. अक्का अकरा वर्षांची. ती भाकरीचा तुकडा घ्यायची, चावून चावून अगदी लगदा करायची आणि तोंडातून काढून बोटाने तुझ्या तोंडात घालायची. महिनाभर. मी समोर बसून बघायचो. तू आ करून तिच्या ओठांकडे बघत राहायचास, चिमणीच्या पिल्लासारखा. तुझं हे अडुसष्ट वर्षांचं शरीर, हा खणखणीत आवाज, प्याला धरणारा हा हात, सगळं तिच्या लाळेवर उभं राहिलंय. आणि तू नळ सोडलास.

आता डॉक्टरांचं ऐक. शुक्रवारी गेलो होतो. दुखणं परत आलंय, आता गळ्याकडे. ते म्हणाले, दोन-तीन आठवड्यांत गिळणं बंद होईल, मग नळी. हे कोणाला लागत नाही, कधीच लागणारं नव्हतं, हेही पुन्हा सांगितलं. म्हणजे तिच्या हातात रविवार किती उरले ते बोटांवर मोजून घे. येत्या रविवारी प्याला घेतला नाही तर तो बहुधा कधीच नाही. आणि ती येणार नाही म्हणते. तुझा निरोपही दिलाय, जसाच्या तसा लिहितो: "बाळ्याला म्हणावं, मी गेल्यावर माझ्या शवपेटीला हात लावू नकोस. हात धुवायला परत नळ सोडावा लागेल."

असं बोलणारी आहे का रे आपली अक्का?

इथवर लिहून उठलो, पाणी प्यायलो, खिडकीच्या कडीत कागदाची घडी खोचली. टकटक थांबली. आता टाळता येत नाही.

सोमवारी दार लावता लावता तू एक वाक्य बोललास. त्याचाच राग घेऊन मी तीन गल्ल्या चालत आलो. तू म्हणालास, "दादा, मी जे केलं ते तुझ्या घरात शिकलो."

पत्राच्या सुरुवातीलाच हे लिहायला हवं होतं. रागात बरंच काही लपून जातं.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तू आमच्याकडे आला होतास. उन्हातून आलास, सरळ मांडणीकडे गेलास आणि पुढ्यातला स्टीलचा ग्लास उचललास. मी खुर्चीतून उठून, दुखऱ्या गुडघ्यावर, तुझा हात धरला. "तो नको, तो नको. तो अक्काचा." ग्लासच्या कडेखाली लाल ठिपका होता. दाराला रंग दिला तेव्हा उरलेल्या रंगाचा. ती दवाखान्यातून आली त्याच आठवड्यात मी काडीने लावला होता. तिला म्हणालो, "तुझ्या औषधांचा घोळ नको म्हणून." ती म्हणाली, "बरं." छत्तीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला, कोणत्या चादरीवर कसली खूण करतात हे ठाऊक नसेल?

तू ग्लास खाली ठेवलास, आणि दोन बोटं सदऱ्याला पुसलीस. अक्का पलंगावर बसून हे बघत होती. आपण तिघं मग पावसाचं बोललो.

आणि बाकाच्या टोकाला मी तिला उठायबसायला सोपं म्हणून बसवलं नव्हतं. प्याला माझ्याकडे आधी यावा म्हणून बसवलं होतं. मी प्यायल्यावर तिच्याकडे गेला. तिच्यानंतर पिणारा फक्त तू उरलास. म्हणजे तू बेसिनमध्ये ओतलेला घोट मी आधीच तुझ्या गळ्यात टाकून मोकळा झालो होतो. तुझं काम उघड्यावर झालं, माझं बाकावरच्या जागा ठरवण्यात.

चाळीस वर्षं फळ्यावर 'करुणा' लिहून मुलांकडून अर्थ पाठ करून घेतला, बाळ्या. चुकला त्याला उभं केलं.

काल सकाळी चाकू घेऊन तो ठिपका खरवडायला बसलो. अक्काने बघितलं. "काय करतोस?"

"पुसतोय."

"का?"

मी चाकू खाली ठेवला. म्हणालो, "चूक झाली, अक्का."

तिने रुमाल तोंडाला धरला. मग म्हणाली, "तुझ्या सगळ्या कविता लांब उभ्या राहून म्हटलेल्या. राहू दे तो ठिपका. नाहीतर तू कशातून पितोस ते मला कळायचं कसं?"

मग तिने त्या ग्लासात पाणी घेतलं, अर्धं प्यायली, उरलेलं माझ्यापुढे ठेवलं. कडेवर तोच धागा होता. खोटं लिहीत नाही, मी आधी कडेवर कोरडी जागा शोधली. किळस अशी हुकमाने जात नाही. मी डोळे मिटले तर ती म्हणाली, "डोळे उघडे ठेव." उघडे ठेवून प्यायलो. पाण्याला पाण्याचीच चव होती. ती मात्र हसली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. ठिपक्याचा ग्लास आता माझा आहे, साधा तिचा. एवढाच बदल झालाय घरात.

तिला मी रविवारचं पुन्हा विचारलं. "पाया पडतो, चल," म्हणालो. ती म्हणाली, "तुझं बघितलं. त्याचंही बघते, मग सांगते."

तेव्हा तुला हे पत्र. पाळकांना सांगून छोटे पेले बंद कर, हे मी आत्ता म्हणत नाही. मंडळीपुढे उभा राहून काही कबूल कर, असंही नाही. माझा तुझ्यावरचा राग जराही उतरलेला नाही. फक्त आता तो राग आपल्या दोघांवर आहे.

शनिवारी दुपारी ये, उन्हातून ये. अक्का पलंगावर बसलेली असेल. पाणी माग. ती ग्लास भरेल, अर्धं पिईल आणि तुझ्या हातात देईल. ठिपक्याचाच ग्लास. मांडणीजवळच्या खुर्चीत मी असेन, आणि या वेळी उठणार नाही. तू डोळे मिटलेस तर ती ओरडेल, हे आधीच सांगून ठेवतो.

ती आली, तर रविवारी बाकावर मी तिच्यापलीकडे बसेन. टोकाला. तिच्यानंतर मी, माझ्यानंतर तू.

तू आला नाहीस तर हे पत्र परत पाठवू नकोस. मी समजेन. तीही समजेल, आणि तुला वाट करून देईल.

ज्याच्या घरात तू ते शिकलास, तो
तुझा दादा