पाटीवरचा खिळा

सोलापूर. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५५.

हेडमास्तरांनी आज विद्यापीठाचा नवा नियम वाचून दाखवला. बी. ए.ला ज्या विषयात नापास, तेवढ्याच विषयाला पुन्हा बसायचं! आणि मी? आजवर दर वेळी सगळेच विषय पुन्हा दिले; इतिहास सुटला की इंग्रजी राहायचं, इंग्रजी सुटलं की इतिहास. संस्कृतात तर तीनदा पास झालो! आता फक्त इतिहास. शिकवता शिकवता वर्गातच हसू फुटलं.

दारावरची ती पाटी! वडिलांनी पहिल्याच वर्षी रंगवून आणली, नावापुढे ‘बी. ए.’साठी वीतभर जागा मोकळी सोडून. तिसऱ्यांदा आपटलो तेव्हा बायकोनं त्या जागेवर खिळा ठोकला आणि माझी छत्री टांगली. राग आला होता. पण बोलणार कुठल्या तोंडानं?

घरी येऊन तिला नियम समजावला. तिनं छत्री काढून माझ्या हातात दिली आणि पकडीनं खिळा उपटू लागली.

“अगं, परीक्षा अजून व्हायची आहे!”

“व्हय की. तवर भोक मेणानं बुजवून ठिवते. रंगाऱ्याला अडचण नको.”

छत्री अजून मांडीवरच आहे. ठेवू कुठं?