दोन लाल चौकोन

हॅनकॉक, मिशिगन
गुरुवार, ११ फेब्रुवारी २०१६

प्रिय कोलेट,

तू आणि सईमी खुशाल असाल, अशी आशा करते. इकडे छपरावर पुन्हा दीड हात बर्फ साचलं आहे. आर्वो रविवारी येऊन अर्धं ओढून गेला. उरलेलं अर्धं तो सवडीनं ओढणार आहे. माझा लेक असला तरी तुझ्या नवऱ्याची सवड तू माझ्याहून चांगली जाणतेस. माझा गुडघा थंडीनं धरला आहे.

गुडघ्यावरून एक कोडं सुचलं. तुझ्याही लक्षात आलं असेल. सांधेदुखीचं मलम सकाळी चोळलं तर जेमतेम गार लागतं. तासाभरानं चुलीजवळ बसलं, की त्याच जागी ते असं झोंबतं की पाय मागे घ्यावा लागतो. मधल्या वेळात मलम वाढवलेलं नसतं. मग हा जोर येतो कुठून?

एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. कातडी ही भिंत नव्हे. ते घट्ट विणलेलं कापड आहे. ऊब लागली की वीण सैल होते. औषधाचे कण अधिक वेगानं हलू लागतात. शिवाय रक्त कातडीच्या जवळ येतं आणि आत शिरलेलं औषध भराभर वाहून नेतं. तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच दिशेनं घडतात. मलमाचं जे होतं, तेच कातडीवर चिकटवलेल्या कोणत्याही औषधाचं होतं.

सईमीच्या पट्टीचंही.

गेल्या वर्षी तू ती पट्टी पहिल्यांदा दाखवलीस, तेव्हा मला किती आनंद झाला होता! चित्त थाऱ्यावर राहण्याच्या गोळ्या ती दुधाच्या पेल्यात थुंकायची. शाळेतून रोज चिठ्ठी यायची: जागेवर बसत नाही, ऐकत नाही, दुसऱ्यांची पेन्सिल खाते. आर्वो म्हणायचा, "मीही असाच होतो, मला कोणी औषध दिलं?" त्यावर तू म्हणालीस, "दिलं असतं तर आज नोकरी टिकली असती." मी तोंड फिरवून हसले होते. आणि मग ती कागदासारखी पातळ पट्टी. सकाळी सातला कमरेच्या एका बाजूला लावायची, दुपारी चारला काढायची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला. तिसऱ्या आठवड्यात सईमीनं माझ्या टेबलाशी बसून पान भरून लिहिलं. विषय होता बीव्हरचं घर. शेवटी पूर्णविराम होता. तिचा पूर्णविराम मी पहिल्यांदाच पाहत होते.

औषधाबरोबरचा सूचनांचा कागद मी दोनदा वाचला आणि फ्रिजवर लावला. पट्टीवर शेकायची पिशवी ठेवू नये, विजेचं पांघरूण घेऊ नये, केस वाळवायचं यंत्र धरू नये. का धरू नये, हे सईमीला चित्र काढून समजावलं. माझ्या घरात विजेचं पांघरूण नाही. शेकायची पिशवी मी उचलून तळघरात ठेवली. काळजी घेतल्याचं समाधान मला फार लवकर मिळतं.

आता त्या शनिवारबद्दल. २१ नोव्हेंबर. तू सकाळी सातला तिला पट्टी लावलीस आणि आठ वाजता बापाच्या दारी सोडलंस. तुम्ही वेगळे राहू लागल्यापासून ठरलेली ती त्याची पाळी होती, पण हरणांच्या शिकारीचा हंगाम चालू होता. पाऊण तासात तो तिला माझ्याकडे टाकून जंगलातल्या खोपटात गेला. इथवर तुला माहीत आहे. पुढे मी सर्वांना जे सांगितलं, तेही तुला माहीत आहे: पट्टी काढली, सौनाच्या वाफेच्या खोलीत नेलं, मुलीला झटका आला, तोल जाऊन तिचा हात तापल्या शेगडीवर पडला.

यातलं पहिलं वाक्य खोटं आहे.

पट्टी मी काढली नव्हती. शनिवारी मी दोनला सौना पेटवते, तीनला दगड तापतात. तीनला सईमीचे कपडे काढले तेव्हा कमरेच्या उजव्या बाजूला पट्टी दिसली. चार वाजायला एक तास होता. वेळेआधी प्रयोग थांबवणाऱ्या मुलांना मी आयुष्यभर शून्य दिलं. नियम चारचा, तर चार. आणि ऊब? कोलेट, तू फ्रेंचांची लेक, तुला हे पटणार नाही, पण आम्हा फिनिश लोकांच्या लेखी सौना म्हणजे उष्णता नव्हेच. माझा जन्म सौनात झाला. माझ्या आजीचं प्रेत सौनात धुतलं. कागदावर ज्या वस्तू लिहिल्या होत्या त्यांत सौना नव्हता, आणि तो असायला हवा होता हे मला, मला, सुचलं नाही. चर्चला कोणी तापमान विचारतं का?

ती पायरीवर माझ्याशेजारी बसली. "मुम्मू, दगडांवर आणखी पाणी टाक. तू घाबरतेस!" मी टाकलं. थोड्या वेळानं म्हणाली, "मुम्मू, माझ्या छातीत ससा पळतोय."

मी म्हणाले, "स्वस्थ बसलीस की तोही बसेल."

मग ती कोपऱ्यातल्या कोणाशी तरी बोलू लागली. मला वाटलं, खेळ चालला आहे. मी हात पुढे करण्याआधीच ती पडली.

बाहेरच्या खोलीत तिला बर्फ भरलेल्या टॉवेलात गुंडाळून मी रुग्णवाहिकेला फोन केला. वाट पाहताना ती पट्टी सोलून काढली, घडी घातली आणि शेगडीत टाकली. 

रुग्णालयात नर्सनं विचारलं, "पट्टी कधी काढली, आजी?" मी म्हणाले, "सौनाच्या आधी." रक्तात औषध भलतंच जास्त निघालं. डॉक्टरांना कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक लाल चौकोन दिसला. डावीकडचा आदल्या दिवशीच्या पट्टीचा होता. बाजू बदलत राहिलं की तिथे नेहमीच दोन खुणा असतात, एक ताजी, एक फिकी. हे मला ठाऊक होतं आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिले. ते म्हणाले, "म्हणजे आईनं दोन लावल्या?" मी किती सोलल्या, ते सांगितलं नाही. आर्वो शिकारीच्या कपड्यांतच आला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, तू आता एक शब्द बोलू नकोस. बाकीचं माझा वकील बघेल." त्यानं मला काही विचारलं नाही. न विचारणं त्याला चांगलं जमतं. ते तो माझ्याकडूनच शिकला.

त्या दुपारचं सईमीला काहीच आठवत नाही. त्यात माझी सोय झाली.

हे सगळं एक वेळ भीतीच्या खात्यात टाकता येईल. पण डिसेंबरात तू फोन केलास. तू रडत होतीस. म्हणालीस, "लेम्पी, मी शंभरदा आठवून पाहिलं. शुक्रवारची मी काढली होती, असंच आठवतं. पण रात्रपाळी करून आले होते. मीच विसरले असेन का हो?"

आणि मी म्हणाले, "थकलेल्या माणसाकडून होतं असं, पोरी."

तुझी आठवण बरोबर होती. तू विसरली नाहीस. तू एकच पट्टी लावलीस, योग्य बाजूला, योग्य वेळी. हे वाक्य वाटेल तितक्या वेळा वाच. ते तुला देण्यासाठी मला अकरा आठवडे आणि पाच दिवस लागले, आणि तेवढ्या काळात तू स्वतःवरचा विश्वास गमावलास, पोरीची पट्टी बंद झाली, ती पुन्हा वर्गाबाहेर उभी राहू लागली आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली. येत्या बुधवारी न्यायाधीश ताबा कोणाला द्यायचा ते ठरवतील. दोन पट्ट्या लावणाऱ्या आईला ते मूल देणार नाहीत. आणि ज्याच्याकडे देतील, तो पुढच्या हंगामात तिला माझ्याच दारात सोडून जाईल.

उद्या सकाळी मी न्यायालयात जाऊन लेखी निवेदन देणार आहे. आर्वोला सांगितलेलं नाही. कळल्यावर तो माझ्या अंगणात पुन्हा पाऊल टाकणार नाही, हे गृहीत धरलं आहे. पत्र मुद्दाम आज, आधी टाकते आहे. स्वतःवर भरवसा ठेवण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही.

तुझ्याकडेही नाही. म्हणून एक सोपी चाचणी सांगते. पत्र तुला शनिवारी मिळेल. सोमवारी सुट्टी आहे. मंगळवारी सकाळी न्यायालयाच्या कारकुनाला फोन कर, प्रकरणाचा क्रमांक सांग आणि एवढंच विचार: लेम्पी निएमेला हिचं निवेदन दाखल झालं आहे का? 'हो' म्हणाले, तर मी गेले. 'नाही' म्हणाले, तर मी दारातून परत फिरले असं समज. माझी वाट पाहू नकोस, मला फोन करू नकोस, हे पत्र घेऊन सरळ तुझ्या वकिलाकडे जा. सही ताडून पाहता यावी म्हणून खाली पूर्ण नाव लिहिते आहे, जसं निवेदनावर लिहीन तसं.

लेम्पी ऐलिना निएमेला
२१ नोव्हेंबरला मुलीजवळ मी एकटीच होते